कापसाच्या मुठीवरचं कॉलेज

कापसाच्या बाजारातून आलेला माणूस दारातच ओळखू येतो. भुवयांत, केसांत, बंडीच्या शिवणीत रुईचे तंतू अडकलेले असतात. कितीही झटका, जेवायला बसल्यावर एखादा तंतू वरणावर येऊन पडतोच! आमच्या घरात किश्शांचं तसंच झालं आहे. मी आता मुलींच्या शाळेत शिकवते. दुपारच्या सुट्टीत बरोबरच्या बायका म्हणतात, "बाई, तुमच्या यांच्या कॉलेजचं काही सांगा ना!" एक सांगितला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो.

कापूस सोन्याच्या भावानं जात होता, त्या वर्षांची ही गोष्ट. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, तेव्हा विलायतेला आमच्या वऱ्हाडची आठवण झाली! मी भातकुलीला सासरी नुकतीच नांदायला आले होते. आमचे हे अमरावतीच्या शाळेतून मॅट्रिक झाले होते आणि त्यांना मुंबईला जाऊन बी.ए. व्हायचं होतं. बी.ए. म्हणजे काय, हे भातकुलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की त्याला वर्षं लागतात, आणि मधेच मदत आटली तर माणूस ना नांगराचा राहतो ना पुस्तकाचा. यांचं शिक्षण तडीला जातं की अर्ध्यातून परत येतं, हाच आमच्या घरातला घोर होता. हसायचो आम्ही पुष्कळ, पण तो घोर उराशी ठेवूनच.

* * *

मुंबईच्या कॉलेजला यांनी इंग्रजीतून अर्ज धाडला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मार्क चांगले आहेत, सबब फी माफ. राहण्या-जेवणाची सोय ज्याची त्यानं करावी. यांनी ते घरात मराठीतून वाचून दाखवलं. माझे सासरे, मामाजी, शेतकरी माणूस. त्यांनी लगेच अर्थ लावला.

"म्हंजे डोक्शाचं फुकट, पोटाचं नगद!"

आता पोटाची मदत मागायची कोणाला? अमरावतीच्या कापूस बाजारात तेव्हा एक रीत होती. विकायला आलेल्या प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढून एका बाजूला टाकायचा. तो धर्माचा कापूस. संध्याकाळपर्यंत त्याचा मोठा ढीग होई, आणि तो कोणाला द्यायचा ते बाजारातले पंच ठरवत. पंचांचे मुख्य एक मारवाडी शेठजी. त्यांचे आजोबा वऱ्हाडात आलेले, त्यामुळे शेठजींचं बोलणं आमच्यासारखंच. दुसरे गणूजी दलाल. कोणत्याही गोष्टीला आधी "नाही" म्हणायचं आणि मग ती गोष्ट काय आहे ते विचारायचं, असा त्यांचा स्वभाव!

हे पंचांपुढे उभे राहिले आणि अर्ज वाचू लागले. शाळेतल्या पुण्याच्या मास्तरांनी भाषा घालून दिली होती. "मी एक होतकरू व गरजू विद्यार्थी असून..."

गणूजींनी तिथेच हात वर केला. "थांब. शेतकरी आयकला, मेहकर गावचा मेहकरी आयकला. हा होतकरी कोन्या गावचा?"

हे गांगरले. मास्तरांनी शब्द दिला होता, अर्थ दिला नव्हता. मागे मामाजी उभे होते. ते हात जोडून म्हणाले, "अजून झाला नाही न जी, होऊनच राहिला. म्हून होतकरू!"

शेठजी इतके हसले, की अर्जाचं पुढचं पान कोणी ऐकलंच नाही.

* * *

हसून झाल्यावर शेठजींनी अडचण सांगितली. धर्माचा कापूस तीनच कामांना जात असे. देवळातला दिवा, गाईंचा चारा आणि उन्हाळ्यातली पाणपोई. चौथं काम कधी कोणी काढलं नव्हतं.

"आता तूच सांग बाप्पा, तू यायच्यातला कोन?"

हे खरं बोलणारे. म्हणाले, "कोणीच नाही."

"मंग देता येत नाही," गणूजी खूश होऊन म्हणाले.

शेठजींनी यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "देव तर तू नाहीस. गाय म्हनावं तर तुझा बाप रागवन. चाल, तुले पाणपोईत बसवतो!"

यांना वाटलं, शेठजी थट्टा करतात. पण शेठजी रीतीचे पक्के. पाणपोई म्हटली की ती उन्हाळाभर उघडी पाहिजे, येईल त्याच्यासाठी, फुकट. तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत यांनी बाजारातल्या कडुलिंबाखाली बसायचं, आणि ज्याला जे वाचून हवं, लिहून हवं, ते करून द्यायचं, असं ठरलं. यांना ते मनापासून आवडलं. पण त्या दिवसापासून बाजारात यांचं नाव पडलं 'पाणपोई', ते कायमचं!

एका वैशाखात अकोटकडचा एक शेतकरी भर उन्हात बाजारात आला. घशाला कोरड पडलेली. त्यानं विचारलं, "पाणपोई कुठी हाय?" कोणीतरी सवयीनं यांच्याकडे बोट दाखवलं. तो आला, उकिडवा बसला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावली आणि डोळे मिटून घेतले. हे मांडीवर पुस्तक घेऊन नुसते बघत राहिले. थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडला.

"अबे, वत ना! का पुस्तकातून काढून राहिला पानी?"

दुसऱ्या दिवसापासून यांच्या शेजारी एक भरलेला माठ असे.

* * *

शेठजींचा आणखी एक नेम होता. धर्माच्या कापसाचे ते रोकडे करत नसत. "धर्माचं जे येते, तेच देतो. इकाचं काम ज्याचं त्यानं करावं." म्हणून यांची मदत मुंबईला गेली ती कापसाचा बोरा होऊन! काही मजल बैलगाडीनं, पुढे आगगाडीनं.

वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटनी खालून हाक मारली, "तुझी स्कॉलरशिप आली आहे!"

हे धावत खाली आले आणि दोन्ही हात पुढे केले. सुपरिंटेंडेंट बाजूला सरकले. मागे दारात बोरा अडकलेला.

"हातात नाही मावायची ती. दारातूनसुद्धा मावत नाही!"

तेव्हा मुंबईला कापसाचं असं वेड लागलं होतं, की लोक अंथरुणातल्या गाद्या उसवून विकत होते. बोरा आत घेण्याआधीच दाराशी गिऱ्हाईकं जमली. एक म्हणे अमुक भाव, दुसरा म्हणे त्याहून चढ. सरकारी स्कॉलरशिप मिळालेला एक हुशार मुलगा हे सगळं वरच्या खिडकीतून बघत होता. तो म्हणाला, "आमची स्कॉलरशिप पहिल्या तारखेला जेवढी, तेवढीच. तुझी सकाळपेक्षा दुपारी जास्त!"

पत्रातून ही हकीकत घरी कळली तेव्हा सगळे पोट धरून हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "त्यातला थोडा ठेवून घ्याचा होता त्यानं. निजते कशावर माझा पोरगा?"

* * *

दुसऱ्या वर्षी कॉलेजनं दाखला मागितला, की विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती खरोखरच बेताची आहे. चौकशीला तहसिलीतून एक कारकून भातकुलीला आले. आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी!

त्या वर्षी भातकुलीत पैशाला तोटा नव्हता आणि हौसेलाही नव्हता. बैलांच्या अंगावर झुली, गळ्यात नव्या घंटा. मामाजींनी तर कापसाचे पैसे हातात येताच बैलांच्या शिंगांची टोकं चांदीनं मढवली होती. कारकुनांनी ती पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"बैलांच्या शिंगांना चांदी, आणि मुलाला मदत पाहिजे?"

मामाजी शांतपणे म्हणाले, "चांदी बैलायनं कमावली साहेब, बैलायलेच घातली. पोट्ट्यानं अजून काय कमावलं?"

कारकुनांनी दौतीत टाक बुडवला. ते पुढच्या रकान्याकडे वळले. "बरं, विद्यार्थ्याचं नाव?"

गर्दीतून चार-पाच जण एकदम ओरडले, "पाणपोई!"

कारकून चिडले. त्यांना वाटलं, गाव आपली टर उडवतं आहे. मामाजी खरं नाव सांगू लागले, ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण त्याच्या?" सासूबाई म्हणाल्या, "बायको हाय जी त्याची." "मग तुम्ही सांगा. नवऱ्याचं नाव?"

आता मी कशी सांगणार! नवऱ्याचं नाव असं सरळ घ्यायचं नसतं. मी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. कारकुनांनी पुन्हा विचारलं, मी आणखी माती उकरली. मग ते मोठ्यानं म्हणत कागदावर लिहू लागले, "असा कोणी विद्यार्थी असल्याचे आढळून येत नाही..."

सासूबाईंनी मागून मला ढोसलं. "घे वं माय नाव! जाते नाहीतर त्याचं कॉलेज!"

मी पदर सावरला. डोळे मिटले आणि म्हणून टाकलं,

"काळ्या मातीत कापूस, कापसाची वात,
वासुदेवरावांच्या अर्जाला साहेबांनी द्यावा हात!"

साऱ्या गावानं टाळ्या पिटल्या. बैलसुद्धा बिचकले! कारकूनही भले माणूस निघाले. हसले आणि त्यांनी उखाणा जसाच्या तसा दाखल्यात लिहून घेतला. तो दाखला कॉलेजात गेला. तिथल्या गोऱ्या प्रिन्सिपॉलांनी यांना बोलावलं आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "याचं इंग्रजी करून दे."

हे अजून सांगतात, बी.ए.च्या परीक्षेतही एवढं अवघड भाषांतर आलं नाही!

* * *

दरवर्षी मदत चालू ठेवायच्या आधी पंच यांना समोर बोलावत. एका वर्षी यांनी तयारीनं इंग्रजी पुस्तक नेलं, पहिलं पान उघडलं आणि खणखणीत वाचून दाखवलं. शेठजींनी मान डोलावली. गणूजींनी नाही डोलावली. ज्यांचा सगळा जन्म कापसाचे बोरे तपासण्यात गेला, त्यांना पहिल्या पानाचं काय कौतुक!

"वरचा माल सारेच चांगला दाखवतात. मधातला काढ."

असं म्हणून त्यांनी पुस्तक हातात घेतलं, बोऱ्यात हात घालावा तसं मधोमध बोट खुपसलं आणि पान उघडून पुढे केलं. यांनी ते वाचलं. मग गणूजींनी तळाचं पान काढलं. तेही वाचलं. गणूजींना एक अक्षर कळत नव्हतं. ते पुस्तकाकडे बघतच नव्हते, यांच्या तोंडाकडे बघत होते, कुठे अडखळतात का ते. हे अडखळले नाहीत.

"माल एकसारखा हाय," गणूजी नाइलाजानं म्हणाले. मग शेठजींकडे वळून, "पन नाही!"

"अहो, माल चांगला म्हनता आन नाही काहून म्हनता?" शेठजींनी विचारलं.

"चांगल्या मालाले पहिलेच हो म्हनलं तं तो डोक्यावर बसते!"

मदत अर्थातच चालू राहिली. गणूजींचं "नाही" हे यांच्या पाठीवर ठेवलेल्या हातासारखं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले.

* * *

मग ती दूरची लढाई थांबली आणि भाव कोसळला. कालपर्यंत बग्गीतून फिरणारे शेठजी पायी बाजारात येऊ लागले. आमच्या बैलांच्या शिंगांवरची चांदी उतरली. यांचं शेवटचं वर्ष, आणि धर्माचा ढीग विकून काय येणार? गाईंना घालावं की यांना? पंचांनी बाजारात सांगून टाकलं, की यंदा धर्माची मूठ नाही टाकली तरी चालेल, कोणाला बोल नाही.

त्या दिवशी भातकुलीच्याच एक माळीणबाई आल्या होत्या. वांगी, मेथी पिकवणाऱ्या. बांधाला थोडी पऱ्हाटी, तिचा कापूस विकायला आणलेला. त्यांनी नेहमीसारखी मूठ भरली आणि ढिगाकडे निघाल्या. गणूजींनी हटकलं, "बाई, यंदा माफ हाय. भाव पडला, आयकलं नाही का?"

बाईंनी हाताची मूठ वर करून दाखवली. "भाव पडला म्हून माही मूठ लहानी झाली का?"

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कोणालाच मग तसं पुढे जाता येईना. त्या माउलीचे पाय धरायचे माझे राहून गेले. शेठजींनी यांना निरोप धाडला, "परीक्षेपर्यंत पुरवतो. पुढच्या साली माझ्याच्यानं होणार नाही. पास झाला तं झाला. नापास झाला तं भातकुलीत नांगर हाय."

* * *

आणि आता निकालाचा किस्सा.

त्या साली वेचणीच्या वेळी पाऊस पडला. निम्मा कापूस भिजून पिवळसर झाला. दुसऱ्या प्रतीचा माल! पडत्या भावात चांगल्या मालालाच कोणी विचारीना, तर याला कोण विचारणार? गाड्याच्या गाड्या बाजारात उभ्या. आमचीही एक होती. मामाजींबरोबर सासूबाई आणि मीही आलो होतो, कारण हे त्याच सुमारास मुंबईहून यायचे होते. निकाल लागला की पास असोत की नापास, घरी येणार, असं यांनी कळवलं होतं. सासूबाईंचं सगळं लक्ष वाटेकडे. बदनेऱ्याच्या स्टेशनाकडून टांगा आला की त्या गाडीत उभ्या राहत.

शेठजींनी दुसऱ्या प्रतीच्या मालाचा नमुना मुंबईच्या एका पेढीला धाडला होता. पेढीनं माल पास केला तर खरेदी, नाहीतर सगळ्यांनी आपापला कापूस घरी न्यायचा. सारा बाजार त्या उत्तराकडे डोळे लावून बसला होता.

सकाळी शेठजींच्या नावानं मुंबईची तार आली. तारबाबूंनी ती पंचांच्या चौथऱ्यावर उभं राहून मोठ्यानं वाचली.

"सेकंड क्लास पास!"

बाजार एकदम उसळला! दुसऱ्या प्रतीचा माल पास झाला! दलाल गाड्यांकडे धावले. रुमालाखाली हातात हात गेले, बोटं दाबली गेली, सौदे ठरले. सगळ्यात पुढे गणूजी. "नाही" म्हणायला त्या दिवशी त्यांना सवडच झाली नाही! दिवेलागणीपर्यंत पिवळ्या कापसाची एक गाडी शिल्लक राहिली नाही. आमचाही गेला, आणि मामाजींनी मनात धरलं होतं त्याहून चढ्या भावानं गेला. सासूबाईंनी बाजारातल्या मारुतीला नारळ फोडला. म्हणाल्या, "कापसाचं तं झालं देवा, आता पोराचं पाह्य."

दुसऱ्या दिवशी माप चालू असतानाच टांगा आला. हे उतरले ते तडक चौथऱ्याकडे गेले आणि शेठजींच्या पाया पडले.

"शेठजी, तार पोचली ना?"

"कोन्ती तार?"

"माझी! सेकंड क्लास पास. शब्दागणिक दाम पडतं ना, म्हणून नाव घातलं नाही. धर्माचा पैसा. म्हटलं, तुम्हाला समजेलच."

तागड्या हलायच्या थांबल्या. मामाजींचा हात हळूच कमरेच्या पिशवीकडे गेला, जिथे कालचे पैसे होते.

गणूजी खाली बसले. "बाप्पा बाप्पा! सेकंड क्लासनं हे हाल केले. फस्ट क्लास आला असता तं भिकेलेच लागलो असतो!" मग आशेनं शेठजींकडे बघून म्हणाले, "सौदे फिरवाचे का?"

"रुमालाखाली हात देला, तो देला." शेठजींनी यांना खांद्याला धरून उभं केलं. "काबे, पास झाला ना तू? खरंच झाला ना?"

"झालो, शेठजी."

"मंग तार खोटी कुठी हाय!"

असं म्हणाले खरे, पण शेठजींचे डोळे भरून आले होते, आणि ते उपरण्यानं तोंड पुसत राहिले. सासूबाई गाडीतून उतरून गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. मी गाडीतच पदर तोंडाशी धरून रडत होते की हसत होते, मला अजून सांगता येत नाही.

तेवढ्यात मागच्या बाजूनं एक शेतकरी पुढे घुसला. आपला पिवळा कापूस मोजून झालेला, पैसे कमरेला लावलेले. त्यानं यांच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि शेठजींना विचारलं,

"शेठजी, या पोट्ट्याले अजून एखांदी परीक्षा हाय का हो?"